अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड: २२ जणांचा खासगी लीडरबोर्ड, घड्याळं पाच. गुण कसे लावावेत?

कोकणकडा (मूळ प्रश्न)

येत्या डिसेंबरात अ‍ॅडव्हेंट ऑफ कोड गटानं खेळायचं ठरतंय. ही डिसेंबरात दिवसाला एक प्रोग्रामिंगचं कोडं देणारी साइट. कोड्याचे दोन भाग, प्रत्येक भागाला एक तारा, आणि गटापुरता गुणतक्ता म्हणजे खासगी लीडरबोर्ड. एकूण २२ जण. १५ पुणे-नाशिक-कोल्हापूरकडचे, दोन न्यू जर्सीत, दोन कॅलिफोर्नियात, दोन म्युनिकला, एक सिंगापूरला. दहा-अकरा जणांना पायथन बऱ्यापैकी येतं, तिघे सी प्लस प्लसवाले, दोघे जावावाले, पाच अगदीच नवखे, आणि एक जण सगळं एक्सेलमध्येच सोडवणार म्हणून हटून बसलाय.

साइटवरचे नियम वाचले आहेत. अडचणी पुढच्याच आहेत:

१. कोडं भारतात सकाळी साडेदहाला उघडतं, म्हणजे ऐन कामाच्या वेळी. साइटचे गुण कोण आधी सोडवतो यावर. मग इथला माणूस रोज मागेच राहणार. यावर काही तोडगा?
२. नवखे तिसऱ्या-चौथ्या दिवशी गळतात असं सगळीकडे ऐकतो. ते टिकावेत म्हणून नेमकं काय करायचं?
३. एआय वापरायचा की नाही?
४. नोव्हेंबरात सराव म्हणून काय द्यावं?

"मजा करा, गुणांचं काय एवढं" हे उत्तर माहीत आहे, ते नको.

---

अल्पविराम

आधी घड्याळ. कोडं अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या मध्यरात्री उघडतं. तुमच्या गटापुरतं: न्यू जर्सी रात्री १२, म्युनिक सकाळी ६, भारत १०:३०, सिंगापूर दुपारी १. कॅलिफोर्नियात रात्रीचे ९, पण आदल्या तारखेचे. म्हणजे त्या दोघांचं पहिलं कोडं ३० नोव्हेंबरच्या रात्री येतं. हे त्यांना आजच सांगून ठेवा. "१ डिसेंबरला सुरू" एवढंच कळवलंत तर ते पूर्ण एक दिवस उशिरा उगवतील.

दुसरं, जुन्या लेखांवर विसंबून वेळापत्रक आखू नका. २०१५ ते २०२४ दरवर्षी २५ कोडी, ५० तारे असत. २०२५ ला १२ कोडी, २४ तारे झाले, आणि जगभरातल्या पहिल्या शंभरांचा जो सार्वजनिक लीडरबोर्ड होता तो बंद झाला. खासगी लीडरबोर्ड मात्र आहे. तो काढणाऱ्याला एक कोड मिळतो, बाकीच्यांनी लीडरबोर्डच्या पानावर तो टाकायचा. मर्यादा २०० जणांची, त्यामुळे तुम्हाला चिंता नाही. लॉगिन गिटहब, गूगल, ट्विटर किंवा रेडिटनं. कोणाला नाव दाखवायचं नसेल तर सेटिंगमध्ये निनावी होता येतं, पण मग बोर्डावर नुसता आकडा दिसतो. कोणता आकडा कोणाचा, ते गटात लिहून ठेवा.

आता गुण. बोर्डावर २२ जण असतील तर प्रत्येक ताऱ्याला पहिल्याला २२, दुसऱ्याला २१, असं उतरत जातं. न सोडवणाऱ्याला शून्य. १२ दिवसांचे २४ तारे धरले तर कमाल ५२८.

यातली मेख बघा. एक जण पहिले सात दिवस दोन्ही ताऱ्यांना पहिला आला आणि मग खेळणंच सोडलं: १४ गुणिले २२, म्हणजे ३०८. दुसरी व्यक्ती रोज दहावी, पण एकही तारा सोडला नाही: २४ गुणिले १३, म्हणजे ३१२. फरक फक्त चार गुणांचा. म्हणजे ही पद्धत दिसते तेवढी वेगवाल्यांच्या बाजूची नाही, चिकाटीलाही ती बरंच देते. उशिरा सोडवणाराही अगदीच कोरडा राहत नाही. तुम्ही रात्री अकराला सोडवलंत आणि तोवर सहाच जणांनी सोडवलं असेल तर १६ मिळतात. अवघड दिवशी तर बहुतेकांचं अडलेलंच असतं.

आणि मध्येच कोणाला आत घेऊ नका. २३ वा माणूस आला की सगळ्यांच्या प्रत्येक ताऱ्याला एकेक गुण वाढतो. क्रम फारसा बदलत नाही, पण "माझे काल २४० होते, आज २५८ कसे" या चर्चेत अर्धा दिवस जातो. ३० नोव्हेंबरला यादी बंद.

---

पाचवा_कंस

घड्याळाच्या भानगडीतून सुटायचा सरळ रस्ता असा की साइटचे गुण बघायचेच नाहीत, स्वतःचे काढायचे. त्यासाठी लागणारं सगळं साइटच देते.

खासगी लीडरबोर्डच्या पानावर जेसन (प्रोग्रामला वाचता येईल अशी मांडणी) स्वरूपाचा दुवा असतो. त्यात प्रत्येक सदस्याखाली दिवस, दिवसाखाली भाग १ आणि भाग २, आणि त्याखाली तारा मिळाल्याची वेळ युनिक्सच्या सेकंदांत (१९७० च्या सुरुवातीपासून मोजलेल्या). उदाहरणार्थ १७६४५६५२०० म्हणजे १ डिसेंबर २०२५, भारतीय वेळेनुसार सकाळी १०:३०. भारतीय वेळ हवी तर १९,८०० सेकंद मिळवायचे. तुमच्या एक्सेलवीरासाठी: आलेल्या आकड्यात १९,८०० मिळवा, ८६,४०० ने भागा, २५,५६९ मिळवा आणि त्या घराला तारीख-वेळेचं स्वरूप द्या.

माणसानं कोडं केव्हा *उघडलं* हे मात्र त्यात नसतं. म्हणून भाग १ आणि भाग २ च्या वेळांतला फरक धरायचा. भाग १ चं बरोबर उत्तर दिल्याशिवाय भाग २ दिसतच नाही. त्यामुळे तो फरक खरोखरच भाग २ वर घालवलेला वेळ असतो, मग माणूस पहाटे बसो की रात्री.

पळवाट एकच. भाग १ चं उत्तर तयार आहे, पण ते न देता कोड साफसूफ करून, पुढे काय विचारतील याचा अंदाज बांधून, मग उत्तर द्यायचं. मला विचाराल तर ही लबाडी चालवून घ्यावी, अंदाज बांधणं ही पण एक कसबच आहे. उलटा फटका मात्र बसतो: भाग १ देऊन जेवायला गेलात की तो तास तुमच्या नावावर. गटात हे एका ओळीत सांगून ठेवा, की भाग २ ला वेळ असेल तेव्हाच भाग १ चं उत्तर द्या.

त्या फरकावर सेकंदागणिक क्रम लावू नका, टप्पे करा. ३० मिनिटांच्या आत ३ गुण, दोन तासांत २, त्यानंतर कधीही १. शिवाय भाग १ चा सरसकट १. दिवसाला जास्तीत जास्त ४. टप्प्यांमुळे ११ मिनिटं आणि २७ मिनिटं सारखीच ठरतात. तुमच्या नवख्यांना नेमकं तेच हवंय.

जेसन ओढताना दोन पथ्यं. पंधरा मिनिटांतून एकदाच, त्याहून वारंवार नको, असं साइटनंच सांगितलंय. आणि ते ओढायला सहसा तुमच्या लॉगिनची सेशन कुकी लागते. ती म्हणजे तुमच्या खात्याची किल्लीच. स्क्रिप्टमध्ये लिहू नका, बाहेरच्या फाइलीत ठेवा आणि ती फाइल गिटमधून (कोडच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) वगळा. एकाच माणसानं ओढून तक्ता गटात टाकावा. २२ जणांनी २२ बॉट चालवायची गरज नाही.

---

कोकणकडा

टप्प्यांची कल्पना पटली. पण शनिवार-रविवार काय करायचं? सुट्टीच्या दिवशी इथलेही साडेदहाला बसू शकतात.

---

पाचवा_कंस

काहीच करायचं नाही. फरकावर गुण असले की सुट्टी आणि कामाचा दिवस सारखेच. साइटचा मूळ तक्ता शेजारी चालू राहू द्या. ज्यांना शर्यत हवी ते तो बघतील.

---

घड्याळजी

नवखे कोडं अवघड म्हणून गळतात हे अर्धसत्य आहे. पहिले चार दिवस गळणारे बहुतेक वेळा भलत्याच ठिकाणी अडतात: इनपुट (ज्यावर उत्तर काढायचं तो प्रत्येकाला मिळणारा मजकूर) वाचण्यात, नाहीतर नमुना (कोड्यातच उत्तरासह दिलेलं छोटं उदाहरण) बरोबर येतोय पण खरं उत्तर चूक, या टप्प्यावर. दुसरं जास्त जीवघेणं.

२०२५ चं पहिलंच कोडं घ्या. तिजोरीची तबकडी, ० ते ९९, काटा सुरुवातीला ५० वर. एल म्हणजे डावीकडे (आकडे कमी होत), आर म्हणजे उजवीकडे, पुढचा आकडा म्हणजे किती टप्पे. नमुना असा: एल६८, एल३०, आर४८, एल५, आर६०, एल५५, एल१, एल९९, आर१४, एल८२. भाग १ मध्ये प्रत्येक फिरवणीच्या शेवटी काटा किती वेळा ० वर थांबला ते मोजायचं, उत्तर ३. भाग २ मध्ये फिरताना ० *ओलांडला* तरी मोजायचा, उत्तर ६.

पायथनवाला काय करतो? नवी जागा = जुनी जागा अधिक किंवा वजा टप्पे. दोन्हींना १०० ने भागून खालचा पूर्णांक घेतो. दोन पूर्णांकांतला फरक म्हणजे शून्य किती वेळा ओलांडलं. दिसायला चोख. नमुन्यावर चालवा: एल६८ ला १, आर४८ ला १, एल५ ला १, आर६० ला १, एल१ ला १, एल८२ ला १. बेरीज ६. नमुना जुळला! खऱ्या इनपुटवर उत्तर चूक.

कारण यात दोन चुका आहेत आणि नमुन्यात त्या एकमेकींना खाऊन टाकतात. काटा आधीच ० वर असताना डावीकडे निघालो (एल५, एल१) तर ० वरून उणे पाचवर गेल्यामुळे एक जादा मोजलं जातं, खरं तर काहीच ओलांडलेलं नाही. आणि डावीकडे जात नेमके ० वर थांबलो (एल५५, एल९९) तर ते मोजलंच जात नाही. दोन जादा, दोन कमी. खऱ्या इनपुटच्या काही हजार ओळींत ही फिटंफाट होत नाही.

सी प्लस प्लस आणि जावात गंमत वेगळी. तिथे उणे १८ भागिले १०० म्हणजे ०, उणे एक नाही. आणि उणे १८ ची बाकी उणे १८ च राहते, ८२ होत नाही. बाकी दुरुस्त करून हेच गणित केलं तर नमुन्यावरच २ येतात. म्हणजे या दोन भाषांतल्यांना चूक लगेच कळते आणि पायथनवाला तासभर डोकं धरून बसतो.

दुरुस्ती: डावीकडे जायचं असेल तर तबकडी आरशात बघा. जागा = (१०० वजा जागा) ची १०० ने बाकी, मग उजवीकडे जातोय असं समजून तीत टप्पे मिळवा आणि १०० ने भागा. ५५ वरून डावीकडे ५५: आरशात ४५, अधिक ५५ म्हणजे १००, एकदा. ० वरून डावीकडे ५: आरशात ०, अधिक ५, शून्य वेळा. बरोबर.

पण नवख्यांना हे सांगूच नका. त्यांना सांगा, लूप लावून एकेक घर सरका आणि ० आलं की मोजा. टप्पे फार तर तीन आकडी, मिळून काही लाख पावलं. पायथनलाही डोळ्याची पापणी लवेपर्यंत जमतं. "आधी बावळट पद्धतीनं करा, मग हुशार पद्धत तिच्याशी ताडून बघा" हा एक नियम पहिल्या आठवड्यातले निम्मे गळणारे वाचवतो.

---

सुपारी_कतरन

वरच्याला जोड. चूक उत्तर दिलं की साइट मिनिटभर थांबवते, चुका साठत गेल्या की पाच मिनिटं, पुढे त्याहून जास्त. कधी कधी "उत्तर फार मोठं" किंवा "फार लहान" असं सांगते, नेहमीच नाही. म्हणून अंदाजपंचे आकडे टाकू नका, आधी दिलेले आकडे आणि मिळालेले इशारे कागदावर लिहा. एकच चूक उत्तर दोनदा देणारे महाभाग असतात.

"हे उत्तर तुमचं नाही, पण दुसऱ्या कोणाचं तरी बरोबर आहे" अशा अर्थाचा संदेश आला तर इनपुट तपासा. प्रत्येक खात्याला इनपुट वेगळं असू शकतं. एका ब्राउझरात गूगलनं आणि दुसऱ्यात गिटहबनं लॉगिन करून एकाचं इनपुट दुसऱ्याकडे वापरलं की हे होतं. कोणी तरी उत्तर पुरवलं असेल तरीही होतं, तो भाग वेगळा.

इनपुट वाचतानाचे खड्डे:

शेवटची रिकामी ओळ. तिचा आकडा करायला गेलात की प्रोग्राम पडतो.

विंडोजवर मजकूर चिकटवून फाइल केली तर ओळीच्या शेवटी एक न दिसणारं चिन्ह जादा राहू शकतं. मग अक्षरांच्या जाळ्याची (ग्रिडची) रुंदी एकानं वाढते आणि डोळ्याला काहीच दिसत नाही. ओळींची लांबी छापून बघा, सगळ्या सारख्या हव्यात.

मोकळ्या जागा. हा खरा घात. बरेच जण सवयीनं सगळ्या ओळींच्या दोन्ही टोकांच्या मोकळ्या जागा कापतात. २०२२ चा पाचवा दिवस (खोक्यांच्या चळती) आणि २०२५ चा सहावा (उभ्या मांडणीतली गणितं) या दोन्हींत मोकळी जागा हाच मजकूर आहे, ती कापली की स्तंभ सरकतात. काही एडिटर फाइल साठवताना ओळीअखेरच्या मोकळ्या जागा आपणहून उडवतात, ते सेटिंग बंद करा.

आणि नमुना व इनपुट वेगवेगळ्या फाइलींत ठेवा, प्रोग्रामला फाइलीचं नाव बाहेरून द्या. नमुन्यावर चालवून मिळालेलं उत्तर साइटवर टाकणं ही चूक इतकी सार्वत्रिक आहे की तिच्यावर कोणी हसू नये.

---

वर्तुळ_पूर्ण

प्रश्न ४. सरावाला जुनी वर्षं सगळी खुली आहेत, २०१५ पासून. पण "२०१५ पासून सुरू करा" असं सांगू नका, त्यात काही दिवस विक्षिप्त आहेत (चौथ्या दिवशी एमडी५ चे हॅश, म्हणजे मजकुरावरून सूत्रानं काढलेले सांकेतिक आकडे, शोधत बसायचं). निवडून द्या. नोव्हेंबरात आठवड्याला दोन, एकूण आठ पुरेत. माझी निवड त्यातल्या त्यात "भाग २ नं पाडलेला दणका" दाखवणारी असेल, कारण हा खेळ मुळात तिथेच आहे.

सर्वांत शिकवणारं कोडं म्हणजे २०२१ चा दिवस ६, माशांचं. प्रत्येक माशाकडे एक घड्याळ. रोज एकानं कमी होतं. ० असलेला मासा दुसऱ्या दिवशी ६ वर जातो आणि ८ चं घड्याळ घेऊन एक पिल्लू जन्माला येतं. नमुन्यात पाच मासे: ३, ४, ३, १, २. १८ दिवसांनी २६, ८० दिवसांनी ५,९३४. भाग १ इथे संपतो आणि सगळे मासे एका यादीत ठेवून तो आरामात सुटतो.

भाग २: २५६ दिवस. उत्तर २६,९८,४४,५७,५३९. म्हणजे २,६९८ कोटींवर मासे. प्रत्येकाला एकच बाइट दिली तरी २७ जीबी लागतात. लॅपटॉप गुदमरतो. नवखा इथे "माझं यंत्र हळू आहे" असं समजतो. यंत्र हळू नाही. साइटच म्हणते की प्रत्येक कोड्याला असं उत्तर आहे की दहा वर्षं जुन्या यंत्रावरही १५ सेकंदांत येतं. पंखा गरगरायला लागला की रीत चुकली असं समजायचं.

रीत: माशांना ओळख नाही. ३ वाले सगळे मासे सारखेच. म्हणून यादीऐवजी नऊ डबे, ० ते ८, आणि प्रत्येकात फक्त संख्या. नमुन्याची सुरुवात: १ च्या डब्यात १, २ मध्ये १, ३ मध्ये २, ४ मध्ये १. रोज सगळं एक डबा खाली सरकवा. ० मधले जे होते ते ६ मध्ये मिळवा आणि तेवढेच ८ मध्ये ठेवा. ६ मध्ये *मिळवा*, तिथे लिहू नका, कारण ७ वरून सरकून आलेले तिथे आधीच बसलेले असतात. नवख्यांची चूक इथेच होते. २५६ दिवस म्हणजे २५६ वेळा नऊ डबे, हातानंही करता येईल इतकं.

सी प्लस प्लस आणि जावावाल्यांना इथेच दुसरा धडा: साधा ३२ बिटांचा इंट २१४ कोटींच्या थोडं पुढे संपतो. प्रोग्राम कुरकुरत नाही, गुपचूप उणे आकडे देतो. डिसेंबरभर डोळे झाकून ६४ बिटांचा प्रकार वापरा.

हे जमलं की २०२४ चा दिवस ११ द्या, दगडांचा. ० चा १ होतो, सम अंकसंख्येचा दगड मधोमध दुभंगतो, बाकीच्यांना २०२४ ने गुणायचं. २५ वेळा, मग ७५ वेळा. नमुना १२५ आणि १७, पंचवीस वेळांनंतर ५५,३१२ दगड. कोड्यात मुद्दाम बजावलंय की दगडांचा क्रम कायम राहतो. खरं आहे, आणि त्याचा उत्तराशी काडीचा संबंध नाही! विचारलंय फक्त किती. एकदा क्रम सोडला की पुन्हा माशांचेच डबे, फक्त नऊऐवजी काही हजार. गोष्टीतलं कोणतं वाक्य कामाचं आणि कोणतं पाल्हाळ, हे ओळखणं ज्यांचं इंग्रजी वाचन सावकाश आहे त्यांना जड जातं. त्यांना सांगा, शेवटचा ठळक प्रश्न आधी वाचा, मग नमुना, मग वरची एल्फांची कथा.

उरलेल्यांत २०२३ चा दिवस १ (इंग्रजीत लिहिलेले आकडे एकमेकांत घुसतात, एटच्या शेवटच्या अक्षरावरच टू सुरू होतो, म्हणून शब्द बदलून आकडे लिहायची युक्ती फसते), २०२३ चा ८ (लसावि), २०२१ चा १५ (डायक्स्ट्रा, म्हणजे सर्वांत स्वस्त वाट शोधायची रीत). बाकी तुमच्या आवडीनं.

---

अल्पविराम

२०२३ चा दिवस १ नवख्यांना देऊ नका हो. पहिलाच दिवस म्हणून सोपा समजतात आणि भाग २ ला तोंडघशी पडतात. त्याऐवजी २०१५ चा दिवस १ द्या, कंस मोजायचे आहेत, पाच ओळींत होतं. पहिला तारा पहिल्या वीस मिनिटांत मिळायला हवा.

---

वर्तुळ_पूर्ण

मान्य. तो दुसऱ्या आठवड्यात ढकला.

---

नाकासमोर

प्रश्न ३. साइटचं म्हणणं स्पष्ट आहे, कोडी सोडवायला एआय वापरू नका. गटात मात्र "वापरू नका" एवढं पुरत नाही, रेघ कुठे ते लिहावं लागतं. हे मला चालण्यासारखं वाटतं: कोड्याचा मजकूर किंवा इनपुट कोणत्याही एआयला द्यायचं नाही. भाषेची विचारणा (पायथनमध्ये यादी उलटी कशी करतात) चालेल. एडिटरमधलं आपोआप कोड पुरवणारं यंत्र डिसेंबरभर बंद, कारण ते न विचारता अख्खं फंक्शन लिहून देतं आणि माणसाला आपण फसवतोय हेही कळत नाही. ज्याला एआयनंच करून बघायचंय त्यानं करावं, पण बोर्डाबाहेर राहून. पोलिसगिरी करू नका. भाग १ आणि २ मध्ये वीस सेकंदांचं अंतर दिसलं तर कोड दाखवायला सांगा, बस.

फोडाफोडीबद्दल, म्हणजे दुसऱ्याला उत्तर आधीच कळून जाण्याबद्दल. तुमचं सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर असेल तर ते या कामाला वाईट. फोनच्या पडद्यावर वरच "अरे डबे कर ना" असं झळकतं आणि सिंगापूरवाल्याचा दिवस वाया. टेलिग्राम किंवा डिस्कॉर्ड घ्या, दोन्हींत मजकूर झाकता येतो (डिस्कॉर्डवर दोन्ही बाजूंना दोन-दोन उभ्या रेघा). रोजचा धागा वेगळा, नावात फक्त दिवस. मुख्य गटात "आजचं भारी होतं" एवढंही नको, तोही इशाराच असतो.

मदत मागायची पद्धतही ठरवा. "येत नाही" असं नाही, तर कोणत्या नमुन्याला काय यायला हवं आणि काय येतंय. मदत करणाऱ्यानं आधी प्रश्न विचारायचा, मग शब्द (उदाहरणार्थ "लसावि"), आणि कोड सगळ्यात शेवटी.

गिट: कोड सार्वजनिक ठेवा, पण इनपुट आणि कोड्याचा मजकूर नको, तशी साइटची विनंती आहे. इनपुटचा फोल्डर *पहिल्या कमिटच्या (बदलांच्या नोंदीच्या) आधी* वगळा. नंतर फाइल काढून टाकली तरी जुन्या इतिहासात ती राहतेच.

---

कोकणकडा

ठरवलेलं लिहितो, चुकत असेल तर सांगा. यादी ३० नोव्हेंबरला बंद, कॅलिफोर्नियासाठी त्याआधी. दिवसाला कमाल ४ गुण, टप्प्यांनी. तक्ता रोज रात्री दहाला एकदाच. टेलिग्रामवर रोजचा धागा. नोव्हेंबरात आठ जुनी कोडी, पहिलं २०१५ चा दिवस १. एआयची रेघ वर दिल्याप्रमाणे. एक्सेलवाल्याला वेगळी सूट काही द्यावी का?

---

पाचवा_कंस

रात्री दहाला ओढलेल्या तक्त्यात त्या रात्री उशिरा सोडवणाऱ्याचा तारा नसेल. तो दुसऱ्या दिवशीच्या तक्त्यात येईल आणि गुण तेवढेच राहतील. हे आधी सांगा म्हणजे रात्री साडेअकराला फोन येणार नाहीत.

---

सुपारी_कतरन

एक्सेलवाल्याला सूट नको, दोन सूचना द्या. इनपुट चिकटवण्याआधी त्या घरांना मजकूर हे स्वरूप द्यायचं, कारण एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच सांभाळतं आणि पुढच्यांची शून्यं करतं, ती परत येत नाहीत. आणि एका घरात ३२,७६७ अक्षरांपलीकडे मावत नाही. २०२४ च्या नवव्या दिवसाची सुमारे २० हजार अंकांची एकच ओळ मजकूर म्हणून बसते. सुरुवातीला काही दिवस तो तुमच्या जावावाल्यांच्या पुढेही असेल, ग्रिडची कोडी त्याच्यासमोर आधीच आखलेली असतात.